खग्रासनं शब्द दिलता

"खग्रासानं आजवर कुणाला शब्द दिला नाही, आणि दिला तर..."

इथवर आलं की बाळासो कांबळ्याचा घसा बंद पडायचा. चालू मोटारीची एक फेज जावी तसा. आधी घरघर, मग नुसताच वास.

"परत," काचेपलीकडून बादशहा शिकलगार म्हणाला.

काच कसली, जुन्या ॲम्बॅसेडरची पुढची काच त्यानं गोदामाच्या भिंतीत बसवली होती आणि अलीकडच्या खोलीला चारी बाजूंनी गाद्या टांगल्या होत्या. वरातीला स्पीकर पुरवणाऱ्या माणसाचा हा स्टुडिओ. आत उभं राहिलेल्याला श्वास घ्यायचा तर आधी कापसाची परवानगी काढावी लागायची.

"पाणी पी," बादशहा म्हणाला.

"तीन तांबे प्यालोय मर्दा. आता बोललो तर गुडगुड वाजंल."

बादशहाशेजारी प्रियदर्शनी बसली होती. मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव यांची थोरली. पुण्यात ॲनिमेशन शिकून आलेली, यंदाच्या देखाव्याची लेखिका आणि दिग्दर्शिका. पुण्यात राहून ती "मी आले, मी गेले" असं बोलायला शिकली होती; पण तापली की घसरून परत "मी आलो, मी गेलो" वर यायची. आत्ता अजून "आले-गेले" चाललं होतं.

"काका, वाक्य अवघड जातंय का? सोपं करून देते."

"अवघड न्हाय पोरी. खोटं हाय."

"खोटं म्हणजे?"

"खग्रासनं शब्द दिलता. एकोणीस साली."

प्रियदर्शनीनं मांडीवरच्या कागदांकडं बघितलं, मग बादशहाकडं. बादशहा एक बटण उगाचच पुसत होता.

"काका, एकोणीसला देखावाच नव्हता. महापूर होता."

"महापूर बी हुता आणि देखावा बी हुता," बाळासो म्हणाला आणि गादी बाजूला सारून बाहेर पडला. रेकॉर्डिंग तिथंच लटकलं.

आता पावणं, तुम्ही बाहेरगावचे असाल तर थोडं थांबा. मंगळवार पेठेतल्या खापरी तालीम मंडळाचा सजीव देखावा दर गणपतीला असतो. सजीव म्हणजे स्टेजवर हाडामांसाची माणसं. पण ती बोलत नाहीत. आवाज आधी रेकॉर्ड केलेला, माणसांनी फक्त तोंड हलवायचं आणि हातवारे करायचे. बाकीची मंडळं इतिहास करतात, पुराण करतात. खापरी तालमीनं मात्र एका साली 'मंगळवार पेठ ते मंगळ' नावाची अवकाशातली गोष्ट काढली, ती लोकांनी डोक्यावर घेतली, आणि तेव्हापासून दर गणपतीला तिचाच पुढचा भाग. गुऱ्हाळाच्या, रस आटवायच्या दोन काहिली एकमेकींवर पालथ्या घातल्या की झालं यान. त्यातून पृथ्वीचा कॅप्टन रणधीर उतरतो. समोर ग्रह गिळणारा सम्राट खग्रास. आणि खग्रास म्हणजे पहिल्यापासून आजतागायत पंप रिवायंडिंगवाला बाळासो कांबळे. कॅप्टन बदलत गेले. कुणाचं लग्न झालं, कुणाला नोकरी लागली. खग्रास बदलला नाही. त्याचा टोपही बाळासोनंच केलेला. पाच घोड्यांच्या मोटारीच्या पंख्याचं, नाकापर्यंत उतरणारं झाकण, वर सायकलचे दोन स्पोक, मागं नटबोल्ट. पान्हा लावून आवळल्याशिवाय बसायचा नाही आणि पान्ह्याशिवाय निघायचा नाही.

इतकी वर्षं एकच गोष्ट ओढायची म्हणजे ठिगळं लागणारच. एका साली खग्रास सूर्यात पडून जळाला. पुढच्या साली तोच परत आला. लोकांनी विचारलं, हे कसं? मंडळानं ट्रॅकवरच सांगून टाकलं: त्या दिवशी ग्रहण होतं, सूर्य गार होता. एका कॅप्टनचा कुस्तीत पाय मोडला, तेव्हा गोष्टीतही कॅप्टनचा पाय गेला. पुढच्या साली पाय बरा. मंगळावर पाय उगवतो, असं ठरलं. कागलहून ट्रॅक्टर-ट्रॉली भरून येणारी माणसं सुद्धा मान डोलवायची. मात्र काय खरं धरायचं आणि काय नाही यावर तालमीत दरवर्षी भांडण व्हायचं. गोट्या खेळताना होतं तसलं. "ह्यो डाव धरायचा." "न्हाय धरायचा, पाय रेघंवर हुता." त्या भांडणात बाळासो कधीच पडला नव्हता. तो म्हणायचा, मला टोप द्या, कुठं ओरडायचं ते सांगा.

यंदा पडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालमीत बैठक बसली. खाली लाल माती, वर पंखा, मधे हंबीरराव. प्रियदर्शनीनं भिंतीवर लांबच लांब कागद चिकटवला होता. पहिल्या सालापासून प्रत्येक भाग, कोण मेला, कोण उगवला, सगळं रंगीत पेननं. एकोणीसच्या जागी निळ्या लाटा काढल्या होत्या आणि वीस-एकवीसच्या जागी मास्क.

"हितं लाटा न्हाय, भाग पायजे," बाळासो उभ्यानंच म्हणाला.

"बस की आधी," हंबीरराव म्हणाले.

बाळासो बसला. बसला आणि उठला. परत बसला. त्याच्या बुडाखाली जणू कुणी हीटरची कॉइल ठेवली होती.

"हे बघ बाळासो," हंबीरराव म्हणाले, "एकोणीसला गणपती साधा बसला. स्टेज न्हाय, पडदा न्हाय. तुमी पूरग्रस्त शाळंत हुतासा, तिथं पोरांसमोर कायतरी करून दाखवलासा म्हणं. चांगलं केलासा. पर त्यो देखावा झाला व्हय?"

"खग्रास हुता, टोप हुता, बघायला माणसं हुती. अजून काय लागतंय?"

"ट्रॅक," मागून एकजण म्हणाला. "पेनड्राइव्हवर सगळी सालं हायेत. एकोणीस न्हाय. ट्रॅक न्हाय तर भाग न्हाय."

"लाइट गेलती चार दिवस. ट्रॅक काय चुलीवर वाजवणार हुतो?"

हसू पिकलं. हंबीररावांनी हात वर केला.

"आणखी एक भानगड हाय. एकोणीस धरलं तर रौप्यमहोत्सव गेल्या सालीच झाला की रं. कमानी छापून आल्यात यंदाच्या. त्या काय उलट्या लावू?"

प्रियदर्शनी मात्र हसली नव्हती. ती कागदापाशी उभी होती.

"काका, मला खरंच समजून घ्यायचंय. त्या भागात खग्रासनं काय शब्द दिला?"

"परत पृथ्वीच्या वाटंला जाणार न्हाय म्हणून."

"मग संपलं की," ती म्हणाली. "ते खरं धरलं तर बावीस, तेवीस, चोवीस, तिन्ही साली खग्रास आला तो कुठनं? आणि यंदा शेवटची लढाई आहे. तुम्ही शब्द दिलाय म्हटल्यावर यायचंच नाही ना. तुमालाच घरी बसाय लागंल." आता ती घसरली. "मी लहानपणी पप्पांच्या खांद्यावर बसून तुमाला बघितलोय काका. भ्यालो की डोळे मिटायचो, आणि परत उघडायचो तुमालाच बघायला. खग्रास सुधारला तर ह्या गोष्टीत राहतंय काय? नुसत्या काहिली."

पोरगी मनापासून बोलत होती, हीच तर पंचाईत.

शेवटी हंबीररावांनी मार्ग काढला. अध्यक्ष झालेला माणूस मार्ग काढतोच, तो कुणाच्या अंगावरून जातो ते बघत नाही.

"असं करू. एकोणीसचं आपण कच्चं लिंबू धरू. झालं? खेळलं म्हणायचं, पर मोजायचं न्हाय."

तालमीतल्या प्रत्येकाला ते कळलं. गल्लीत खेळताना धाकटं भावंड मागं लागतं, त्याला खेळात घेतात. ते पळतं, ओरडतं, त्याला वाटतं आपण खेळतोय. पण ते आऊट झालं तरी आऊट नाही, त्यानं कुणाला शिवलं तरी तो बाद नाही. सगळ्यांना माहीत असतं. फक्त त्यालाच नसतं.

बाळासो उठला आणि चपला घालून निघाला. एका पायात दुसऱ्याचीच चप्पल आली होती, ती कोपऱ्यावर गेल्यावर त्याला कळली. तो परत गेला नाही.

त्या शाळेत झालं होतं ते असं.

बाळासोचं घर नाल्याकडच्या गल्लीत. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा त्यानं माळ्यावरून आधी टोप काढला. बायको मीना दारात पाण्यात उभी राहून बघत होती. "गॅसची टाकी ठेवलासा आणि हे टोपडं घेतलासा," ती म्हणाली. "उद्या ह्यात भात शिजवू." मग पुढचे आठ-दहा दिवस शाळेच्या हॉलमध्ये ती तेच प्रत्येकाला सांगत होती, आणि प्रत्येकजण हसत होता, म्हणून ती आणखी सांगत होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दिवे नव्हते, बाहेर पाण्याचा आवाज चालू होता आणि पोरं रडायला लागली. एकाचं बघून दुसरं. कुणीतरी म्हणालं, बाळासो, टोप घाल की. त्यानं घातला. नट आवळायला पान्हा नव्हता, तसाच डोक्यावर ठेवला. टॉर्चच्या उजेडात उभा राहून गरजला, "मी पृथ्वी गिळायला आलोय." ट्रॅक नाही, स्वतःच्या तोंडानं. पोरं गप झाली. मग एकीनं विचारलं, "कॅप्टन कुठाय?"

कॅप्टन म्हणजे विजयसिंह. तो माणसं काढायला बोटीवर गेला होता.

मग काय. खग्रास उभा, समोर पोरं, आणि पृथ्वीकडून कुणीच नाही. बाळासोला पुढचं सुचेना. पोरं परत रडायच्या बेताला आली. तेवढ्यात तिकडून भाताच्या पातेल्याजवळून मीना उठली. हातात वाढायचा डाव तसाच. जन्मात ती स्टेजवर चढली नव्हती. देखावा सुद्धा लांबून, बादशहाच्या बायकोच्या, नजीराभाभीच्या मागं उभी राहून बघायची. ती सरळ चालत आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली,

"आरं खग्रास, जेवलाईस का?"

लग्नापासून त्याला "अवो" म्हणणारी बाई. "आरं" म्हणाली.

बाळासो पार गडबडला. खग्रासच्या तोंडातून बाळासोचा आवाज निघाला. "न्हाय."

हॉल हसला. सगळा एकदम, पहिल्यांदाच.

"मग बस," मीना म्हणाली. "उपाशीपोटी ग्रह गिळाय निघालाय. पोटात दुखंल." तिनं दोन्ही हातांनी त्याचा टोप उचलून खाली ठेवला. त्याला मांडी घालून बसवलं, पत्रावळीवर भात वाढला, वर आमटी. तो जेवला. पोरं गोळा होऊन बघत होती, सम्राट कसा जेवतो ते. जेवून झाल्यावर ती म्हणाली, "आता शब्द दे. परत पृथ्वीच्या वाटंला जायाचं न्हाय."

"दिला."

"आईच्यान?"

"आईच्यान."

एवढंच. पोरं झोपली. पुढं घरी कधी तो चिडला, ताट सारलं, की ती लांबूनच म्हणायची, "खग्रास, शब्द दिलाईस." की तो गप.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मीना गेली. पुढच्या साली गणपती परत जोरात बसले, मंडळ बोलवायला आलं, आणि बाळासो टोप घेऊन निघाला. शब्द त्याला आठवत नव्हता असं नाही. पण घरात बसून काय करणार? ताट सारलं तर म्हणणारं कोण होतं?

बैठकीनंतर बाळासोला कामात चैन पडेना. दुकानात मोटारीचं वायंडिंग भरताना तार दोनदा उलटी गुंडाळली. शेवटी शटर अर्धं ओढून तो साक्षीदार गोळा करायला निघाला. त्याचा हिशोब साधा होता. हॉलमध्ये असलेली चार माणसं तालमीत नेऊन उभी करायची, चौघांनी एकसारखं सांगायचं, हंबीरराव काय बोलणार?

पहिली तानाबाई. नाल्याच्या पुलाजवळ भाजी विकते.

"आठवतंय की," मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत ती म्हणाली. "मीनानं तुझ्या टाळक्यात डाव हाणला. टण्णकन वाजलं."

"हाणला न्हाय मावशी. टोप काढून ठेवला."

"मग वाजलं काय?"

"काय बी वाजलं न्हाय."

"मी ऐकलो की रं ह्या कानांनी. 'जेवलाईस का' म्हणाली आणि हाणलाच. मला लई बरं वाटलं."

दुसरा नागसेन रिक्षावाला. त्याला 'जेवलाईस का' सकट सगळं आठवत होतं, फक्त भाताची खिचडी झाली होती आणि बाळासो ढसाढसा रडला होता.

"मी कुठं रडलो?"

"टोपाच्या आतनं रडलास. मला दिसलं."

"टोप खाली हुता मर्दा तवा."

"मग टोप रडला आसंल," नागसेन म्हणाला आणि पॅसेंजर घेऊन निघून गेला.

तिसरी बादशहाची नजीराभाभी. त्यांचंही घर बुडालं होतं, ती मीनाच्या शेजारीच भात वाढत होती. तिनं सांगितलं की शब्द वगैरे काही झालं नाही. मीनानं फक्त विचारलं, जेवलाईस का, आणि बाळासो जेवला. "शब्द कशाला घेईल ती?" नजीरा म्हणाली. "तुम्ही तिचा शब्द कधी मोडलात, भाऊजी?"

बाळासोनं पुढ्यातला चहा तसाच सोडला.

आणि चौथा विजयसिंह. आता कागलला एमआयडीसीत सुपरवायझर, पोट सुटलेलं. बाळासोला बघून त्यानं मिठीच मारली.

"ते इसरीन व्हय मी? पोरं रडालीती, मी एंट्री मारलो आणि तुला आडवा केलो. नंतर वैनींनी विचारलं, 'जेवलाईस का', आणि आपण दोघं बी जेवलो."

"तू बोटीवर हुतास, इजा."

"मी?" विजयसिंह विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "मला तर मी हॉलमधीच दिसतोय."

येताना एसटीत बाळासो खिडकीला डोकं लावून बसला. चार साक्षीदार आणि चार देखावे. एकात तो मार खातो, एकात रडतो, एकात शब्दच देत नाही, एकात बोटीवरचा माणूस त्याला लोळवतो. तालमीत नेले असते तर चौघांत मारामारी झाली असती. त्याला हसू आलं. शेजारच्या बाईनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. एवढं हसल्यावरही एक गोष्ट जागची हलेना. चौघांनी सगळं फिरवलं होतं, पण "जेवलाईस का" कुणी फिरवलं नव्हतं.

सकाळी तो बादशहाच्या गोदामात हजर.

"चालू कर," गाद्यांच्या आत शिरत तो म्हणाला. प्रियदर्शनी धावतपळत आली. बादशहानं बोटानं खूण केली आणि बाळासो एका दमात गरजला, "खग्रासानं आजवर कुणाला शब्द दिला नाही, आणि दिला तर पाळला नाही! पृथ्वी माझी आहे! ऊठ कॅप्टन, लढ!" काच थरथरली. प्रियदर्शनीच्या अंगावर काटा आला, तिनं हात पुढं करून बादशहाला तो दाखवला.

"थँक्यू काका," ती म्हणाली. "मला माहीत होतं, तुम्ही करणार."

ती गेल्यावर बादशहानं हेडफोन गळ्यात सोडला.

"काय हाय डोक्यात?"

"केस."

"बाळ्या."

"पुढं हायेत चार. तू बटण दाब, मी तोंड हलवतो. आजवर तेच केलोय न्हवं?"

देखावा खुला झाला त्या संध्याकाळी पेठेत मुंगीला वाट नव्हती. चंदगडकडून आलेली एक टेम्पोभर माणसं पुढं चटया टाकून बसली होती. हंबीररावांच्या कमानीवर 'रौप्यमहोत्सव' लखलखत होतं. स्टेजच्या पडद्याआड बाळासोनं टोप डोक्यावर ठेवला. पान्हा घेऊन आलेल्या कार्यकर्त्याला तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, आवळलाय." आणि मागचा नट त्यानं बोटांनीच दोन फेऱ्या फिरवून सोडला.

पडदा वर गेला. धूर निघाला. काहिलींच्या यानातून निळे दिवे पेटले आणि यंदाचा कॅप्टन, सार्थक नावाचं लांबसडक पोरगं, ट्यूबलाइटची तलवार घेऊन उतरलं. स्पीकरमधून कॅप्टन बोलला, सार्थकचं तोंड हललं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग ढोल वाजले आणि खग्रासवर लाल दिवा पडला. पुढच्या चटयांवरची बारकी पोरं मागं सरकली.

"ऊठ, खग्रास!" सार्थकचं तोंड हललं. "आज शेवटचा फैसला!"

इथं बाळासोनं हात वर करून गरजायचं होतं. त्यानं हात वर केले. आणि त्या हातांनी मागचा नट फिरवला, टोप डोक्यावरून उचलला आणि स्टेजवर खाली ठेवला. लाल उजेडात त्याचं टक्कल, घामानं चिकटलेले चार केस, आणि पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाचा उघडा चेहरा. प्रेक्षकांना इतक्या वर्षांत तो कधी दिसलाच नव्हता.

मग तो मांडी घालून खाली बसला.

"काका काय करालेत?" बाजूच्या पडद्याआडून प्रियदर्शनीचा आवाज त्याला ऐकू आला.

"बसलाय," बादशहा म्हणाला.

"ते दिसालंय मला. का बसलेत?"

वर स्पीकरमधून बाळासोचाच आवाज कोसळत होता. "खग्रासानं आजवर कुणाला शब्द दिला नाही, आणि दिला तर पाळला नाही!" खाली बाळासो ओठ मिटून बसला होता. आवाज त्याच्या डोक्यावरून जाऊन समोरच्या घरांवर आपटत होता आणि तिथून परत येत होता. सार्थक तलवार धरून उभा होता, बसलेल्या माणसावर ती चालवायची कशी हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"ट्रॅक थांबवू?" बादशहानं विचारलं.

बाळासोनं मान न वळवता ऐकलं, प्रियदर्शनीचा नुसता श्वास ऐकू आला. लहानपणी डोळे मिटून परत उघडायची, तसलं काहीतरी ती करत असावी.

"पृथ्वी माझी आहे!" स्पीकर म्हणाला.

कुणी शिट्टी मारेना. कुणी हसेना. हंबीरराव खुर्चीतून अर्धे उठून तसेच राहिले होते. आणि मग उजवीकडून, कडेला पोर घेऊन उभ्या असलेल्या एका बाईचा आवाज आला. बाळासोनं तिकडं बघितलं. तिला तो ओळखत नव्हता. तरणी होती, पुराच्या साली शाळकरी असणार. ओरडली नाही ती. हाक मारून विचारावं तसं तिनं विचारलं.

"आरं खग्रास, जेवलाईस का?"

देखाव्यात माणसानं बोलायचं नसतं. त्याचा आवाज वर चालूच होता, ऊठ म्हणत होता, लढ म्हणत होता. बाळासोनं तिच्याकडं बघत मान हलवली. न्हाय.

आणि पुढ्यात पत्रावळीपुरती जागा व्हावी म्हणून टोप थोडा बाजूला सरकवला.